घरी केले जाणारे विद्यापीठीय काम : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

विद्यापीठाच्या कर्मचाऱ्याने कार्यालयापासून दूर राहून काम करणे, ही कल्पना २०२० च्या टाळेबंदीतून जन्मास आली असा सर्वसाधारण समज आहे. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा-व्यवस्थेचा इतिहास पाहता तो तपासून घेणे आवश्यक ठरते. उत्तरपत्रिका-तपासणीचे स्थान कसकसे बदलत गेले आणि त्या बदलातून दूरस्थ कामाच्या व्यवस्थापनाविषयी काय शिकता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विखुरलेले विद्यापीठ

१८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिले. महाविद्यालयांना संलग्नता देणे, परीक्षा घेणे व पदव्या प्रदान करणे एवढेच त्याचे प्रारंभीचे कार्य होते. अध्यापनाची वाट १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने मोकळी केली. याचा अर्थ असा की, विद्यापीठाचे मुख्य काम आरंभापासूनच त्याच्या वास्तूबाहेरील माणसांकडून करून घेतले जात होते. पुढे महाविद्यालयेही शहराबरोबर उत्तरेकडे सरकली. अंधेरीचे भवन्स (१९४६), विलेपार्ल्याचे पार्ले महाविद्यालय (१९५९), घाटकोपरचे झुनझुनवाला (१९६३) आणि मुलुंडचे वझे-केळकर (१९८४) ही त्या वाटचालीतील काही ठळक नावे होत. १९७१ साली सुरू झालेल्या पत्रद्वारा शिक्षणाने विद्यार्थ्यालाही घरबसल्या शिकण्याची सोय करून दिली.

घरची तपासणी

या विखुरलेल्या व्यवस्थेत उत्तरपत्रिका परीक्षकाच्या घरी जात. उन्हाळ्याच्या सुटीत पार्ल्याच्या वा मुलुंडच्या दोन खोल्यांच्या घरात गठ्ठे सोडून बसलेले प्राध्यापक हे एके काळचे परिचित दृश्य होते. ही पद्धत केवळ विश्वासावर चालत नसे. नेमणुकीचे पत्र लेखी असे, गठ्ठ्यातील उत्तरपत्रिकांची संख्या मोजलेली असे, परत करण्याची मुदत व प्रत्येक उत्तरपत्रिकेमागील मानधन ठरलेले असे आणि तपासलेल्या कामाची फेरपाहणी होत असे. घरी जाणारे काम सुटे, मोजता येण्याजोगे आणि दोन्ही टोकांस नोंदलेले होते, हे या पद्धतीचे मर्म होय.

विद्यार्थिसंख्या वाढली तसे या पद्धतीचे दोष जाणवू लागले. गठ्ठ्यांची ने-आण वेळखाऊ होती, गोपनीयतेची हमी देणे कठीण होते आणि एका परीक्षकाच्या विलंबाने संपूर्ण निकाल अडून राहत असे. परिणामी तपासणी केंद्रीय मूल्यमापन केंद्रांत, म्हणजेच प्राध्यापकांच्या नित्य बोलण्यातील ‘कॅप’मध्ये, आली. निकाल ३० दिवसांत व फार तर ४५ दिवसांत लावण्याचे बंधन कायद्याने घातले होते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. काम घरातून निघाले आणि शिक्षक लोकलमधून कामाकडे जाऊ लागला.

२०१७ चा धडा

२०१७ च्या उन्हाळी परीक्षांसाठी विद्यापीठाने संगणकाच्या पडद्यावर तपासणी करण्याचा निर्णय घेतला. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिकांच्या प्रतिमा तयार करावयाच्या होत्या. येथे एक विसंगती दिसते. उत्तरपत्रिका आता कोठेही उघडता येईल अशा रूपात आली होती, तरी शिक्षकाने नेमलेल्या केंद्रावरच बसावयाचे होते. साधन बदलले, स्थान बदलले नाही. अडचण मात्र स्थानाची नव्हती. प्रतिमांची जुळणी, संगणकप्रणालीतील दोष, शिक्षकांचे अपुरे प्रशिक्षण आणि पूर्वचाचणीविना केलेली घाई यांमुळे काम रखडले. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत पाळली गेली नाही, शेवटचे निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले आणि २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढील प्रवेशासाठी थांबलेल्या विद्यार्थ्यांचे नुकसान कोणत्याही आदेशाने भरून निघण्यासारखे नव्हते.

टाळेबंदी आणि शिक्षकेतर कर्मचारी

मार्च २०२० मध्ये लोकल बंद पडली आणि स्थानाचा प्रश्न एका दिवसात निकालात निघाला. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने जून २०२० मध्येच पुढील सत्राचे वर्ग प्रत्यक्ष भरणार नाहीत, असे जाहीर केले. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ ऑगस्ट २०२० च्या निर्णयानंतर मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा महाविद्यालयांचे गट करून ऑनलाइन घेण्यात आल्या. परीक्षार्थी व परीक्षक दोघेही घरी होते.

तथापि ‘घरून काम’ हा शब्दप्रयोग सर्व कर्मचाऱ्यांस सारखा लागू पडत नव्हता. प्राध्यापकाचे व्याख्यान पडद्यावर नेता येते. पात्रता विभागातील लिपिकाची नोंदवही, लेखा शाखेतील पावत्या, प्रयोगशाळा सहायकाची उपकरणे आणि शिपायाचे काम वास्तूशी बांधलेले असते. बोरिवलीहून कलिन्याला वा फोर्टला येणाऱ्या लिपिकाच्या घरी संगणक असलाच, तर त्यावर मुलांचे वर्गही चालत. दस्तऐवज कपाटात असताना कर्मचारी घरी असणे, यास दूरस्थ काम म्हणता येत नाही. लोकल सर्वांसाठी ठरावीक वेळांत १ फेब्रुवारी २०२१ पासून खुली झाली. तोवर ज्यांचे काम घरी नेता आले नाही, त्यांनाच प्रवासाची झळ अधिक बसली.

समारोप

या आढाव्यातून असे दिसते की, दूरस्थ कामाचे यश यंत्रापेक्षा व्यवस्थेवर अधिक अवलंबून असते. गठ्ठ्यांच्या काळात यंत्र नव्हते, पण व्यवस्था होती; २०१७ मध्ये यंत्र होते, पण व्यवस्था अपुरी ठरली. म्हणून यापुढे अशी योजना आखताना कामाची विभागणी पदानुसार न करता कामाच्या स्वरूपानुसार करावी. लेखी आदेशात कामाचे प्रमाण, मुदत व दस्तऐवजांची जबाबदारी स्पष्ट असावी. संगणक व जोडणीचा खर्च संस्थेने उचलावा आणि प्रशिक्षण कामाआधी व्हावे. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी नियम ठरविणाऱ्या समितीत असावेत, हेही तितकेच अगत्याचे आहे. अन्यथा घरून काम ही काहींची सवलत व इतरांची गैरसोय होऊन बसेल, आणि त्याची किंमत अखेर निकालाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यास मोजावी लागेल.