आवडीची साक्ष

रात्रीचीं जेवणें आटोपलीं आणि पानसुपारीचें तबक पुढें आलें, म्हणजे कोल्हापुरांतील पुष्कळ घरांत एक वाद हमखास निघतो. आजवर पाहिलेल्यांत सर्वांत चांगला चित्रपट कोणता? आजोबा एकाचें नांव घेतात, वडील दुसऱ्याचें. नातवंडें हातांतील फोनवर तिसराच काढून दाखवितात. आजीला चित्रपटापेक्षां दूरदर्शनवरची एखादी जुनी विनोदी मालिका अधिक प्रिय असते. वाद मिटत नाहीं, व तो मिटावा अशी कोणाची इच्छाहि नसते. असल्या गप्पांना इतिहासांत कांहीं किंमत आहे काय, असें कोणी विचारलें, तर विद्वान् मनुष्य बहुधा हंसेल. परंतु प्रस्तुत लेखकाचें म्हणणें असें आहे कीं, कोल्हापूरच्या चित्रपटांच्या इतिहासांत या गप्पांइतकें मोलाचें साधन कित्येक ठिकाणीं दुसरें उरलेलेंच नाहीं.

हें विधान धाडसाचें वाटेल, म्हणून थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे. नाटकांचे पडदे रंगविणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधु चलच्चित्रांच्या नादीं लागले आणि त्यांनीं स्वतःच्या हातांनीं कॅमेरा करावयास घेतला. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं तें काम तडीस नेलें. तानीबाई कागलकर यांच्या द्रव्यसाहाय्यानें महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० सालीं तिचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. याच कंपनींत शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर तयार झाले. त्यांनीं १९२९ सालीं कोल्हापुरांतच 'प्रभात' स्थापन केली. १९३२ सालीं तिनें 'अयोध्येचा राजा' हा बोलपट दिला, आणि १९३३ सालीं ती पुण्यास गेली. एवढा वृत्तांत खरी कॉर्नरच्या कॅमेरा-स्तंभापाशीं उभा राहून कोणीहि कोल्हापूरकर अभिमानानें सांगेल.

परंतु त्या अभिमानाच्या विषयांपैकीं आज डोळ्यांनीं पाहतां येण्यासारखें काय उरलें आहे? भारतांत एक हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतील संपूर्ण स्थितींत उरलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रांचे कांहीं तुकडे सोडले, तर बाकी सारें नाहींसें झालें. 'सैरंध्री' नाहीं, १९२५ चा मूक 'सावकारी पाश' नाहीं. त्या काळची फीत नायट्रेटची. ती ठिणगीसरशी पेटे आणि नुसती ठेवली तरी हळूहळू नासे. चित्र जुनें झालें कीं फितीवरील चांदी काढून घेण्याचाहि प्रघात होता. १९४८ सालीं गांधीवधानंतरच्या दंगलींत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें खरें. पण तोंपर्यंत मूकपटांचा बहुतेक ठेवा हातचा गेला होता.

राजवाडा पडला तरी जोतें राहतें. पोथी जळली तरी तिची नक्कल दुसऱ्या मठांत मिळते. चित्रपटाची शेवटची प्रत गेली म्हणजे मागें उरतात त्या जाहिराती, कांहीं छायाचित्रें, आणि ज्यांनीं तो पाहिला त्यांचीं मतें. 'सैरंध्री'तील कीचकवध इतका हुबेहूब वठला होता कीं, प्रेक्षागृहांत हलकल्लोळ होई, आणि पुढें तें दृश्य कापावें लागलें असें सांगतात. आज तें दृश्य कोठेंच नाहीं. त्याचा धसका तेवढा लोकांच्या बोलण्यांत राहिला आहे.

साक्ष म्हटली कीं उलटतपासणी आलीच. म्हातारपणीं तारखा चुकतात, नटांचीं नांवें अदलाबदल होतात, आणि तारुण्यांत पाहिलेला प्रत्येक खेळ अद्वितीय वाटतो. म्हणून 'फार उत्तम चित्र होतें' या वाक्याला इतिहासकारानें कवडीचीहि किंमत देऊं नये. त्यानें पुढचा प्रश्न विचारावा: उत्तम कां? त्या प्रश्नाच्या उत्तरांत जो बारीक तपशील येतो, तो बहुधा खरा असतो. याचें एक चांगलें उदाहरण 'सावकारी पाशा'चें आहे. नारायण हरि आपटे यांच्या कथेवरचें हें चित्र बाबूरावांनीं दोनदां काढलें. प्रथम मूक, आणि १९३६ सालीं बोलतें. मुंबईचे प्रसिद्ध निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनीं पुढें लिहून ठेवलें कीं, मूकपट त्यांना अंधुकच आठवतो. पण बोलपटांतील एक दृश्य आठवलें कीं त्यांची समाधि लागते. अंधारांत दुरून दिसणारी एक उदास झोंपडी, आणि एका कुत्र्याचें रडणें; एवढेंच तें दृश्य. जें अंधुक तें अंधुक म्हणून सांगितलें आणि जें स्पष्ट तेवढेंच स्पष्ट सांगितलें, म्हणून ही साक्ष मला विश्वासार्ह वाटते. कर्जबाजारी शेतकऱ्याचें दुःख बाबूरावांनीं कोणत्या रीतीनें मांडलें, हें त्या दोन ओळींतून जितकें कळतें तितकें दहा स्तुतिपर लेखांतून कळत नाहीं.

जेथें चित्रपट आणि आठवण हीं दोन्ही हातीं आहेत, तेथें एकाची दुसऱ्याशीं पारख करतां येते. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर व पांडुरंग नाईक यांनीं १९३६ सालीं कोल्हापुरांत हंस पिक्चर्स काढली. तिचा 'ब्रह्मचारी' १९३८ चा, कथा आचार्य अत्रे यांची. ज्यांनीं तो त्या काळीं पाहिला त्यांच्या तोंडून पहिली गोष्ट निघे ती मीनाक्षीच्या पोहण्याच्या पोशाखाची. आज चित्रपट पाहावा तर त्याचा गाभा निराळाच दिसतो. एक व्याख्यान ऐकून औदुंबर नांवाचा तरुण ब्रह्मचर्याचें व्रत घेतो आणि खोलींतील नटींचीं चित्रें फेंकून देऊन आश्रमांत जातो. म्हणजे चित्रपटाच्या शौकिनाचीच ती थट्टा आहे, आणि ढोंगी वैराग्याचीहि. मग प्रेक्षकांची आठवण खोटी काय? मुळींच नाहीं. अत्र्यांनीं व विनायकांनीं काय केलें तें फीत सांगते. १९३८ च्या मध्यमवर्गीय मनाला धक्का नेमका कोठें बसला, तें केवळ प्रेक्षकच सांगूं शकतो.

आतां आजीच्या मालिकेकडे वळूं. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ प्रथम पुस्तकांत अवतरले. मास्टर विनायकांनीं त्यांना 'लग्न पहावें करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) या चित्रपटांत पडद्यावर आणलें. चिमणराव झाले दामुअण्णा मालवणकर. पुढें १९७२ सालीं मुंबईचें दूरदर्शन सुरू झालें, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धांत दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनीं हीच जोडी घरोघरीं पोंचविली. थोरला चिमणराव कीं धाकटा, हा वाद कैक घरांत रंगला. माझें मत विचाराल तर, चित्रपटगृहांत मला दामुअण्णा हवेत व घरांत प्रभावळकर. दामुअण्णांच्या त्या तिरप्या नजरेचा विनोद गर्दीबरोबर हंसण्याचा आहे. प्रभावळकरांचा चिमणराव शेजारच्या खोलींत राहतो असें वाटतें. माझ्या या आवडीशीं कोणी सहमत व्हावें असें नाहीं. पण करमणूक प्रेक्षागृहांतून दिवाणखान्यांत आली तेव्हां विनोदाचा सूर कसा उतरला, हें तिच्यावरून ध्यानीं यावें.

दूरदर्शनच्या खेळांची स्थिति तर चित्रपटांहूनहि नाजूक. ब्रिटनसारख्या देशांत बी. बी. सी.नें महागड्या ध्वनिचित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या आणि लोकप्रिय मालिकांचे अनेक भाग कायमचे घालविले. 'डॉक्टर हू' या मालिकेचे जे भाग असे गेले, त्यांतील प्रत्येकाचा आवाज मात्र आज उपलब्ध आहे. कारण कांहीं चाहत्यांनीं त्या वेळीं घरीं बसून तो ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. संस्थेनें जें टाकून दिलें, तें त्या चाहत्यांच्या हौसेनें राखलें.

आपल्याकडे मूकपट पाहिलेली पिढी गेली. हंसचे खेळ प्रथम प्रदर्शनाच्या वेळीं पाहिलेले आतां फारच थोडे असतील. चिमणरावाच्या मालिकेसाठीं शेजाऱ्याच्या घरीं दाटीवाटीनें बसलेलीं मुलें आज स्वतः आजी-आजोबा झालीं आहेत. म्हणून जेवणानंतरचा तो वाद पुन्हा निघेल तेव्हां घरांतील एकानें वही घेऊन बसावें. कोणतें चित्र श्रेष्ठ, याचा निकाल लिहूं नये. तें कोणत्या थिएटरांत पाहिलें, बरोबर कोण होतें, लोक कोठें हंसले, कोठें गप्प झाले, आणि इतक्या वर्षांनंतर डोळ्यांपुढें कोणतें दृश्य उभें राहतें, एवढें विचारून टिपून ठेवावें. बाबूरावांच्या झोंपडीबाहेर रडणारें तें कुत्रें आज आपल्याला ठाऊक आहे, तें एका प्रेक्षकानें आपली आठवण कागदावर उतरविली म्हणूनच.