फॉस्फोट्रायएस्टरेज

कार्बनी फॉस्फरस वर्गातील कीटकनाशके व तंत्रिका-विषे यांचे जलीय विच्छेदन करणारे जीवाणूजन्य विकर (एंझाइम). पॅराथिऑन, पॅराऑक्सॉन, डायझिनॉन ही कीटकनाशके आणि सारिन, सोमान ही युद्धविषे त्याच्या क्रियेने निष्प्रभ होतात. ही संयुगे शरीरातील ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर निकामी करतात. परिणामी चेतासंधींत ॲसिटिलकोलीन साचते, स्नायूंवरील ताबा सुटतो आणि श्वसन बंद पडून मृत्यू येऊ शकतो.

शोध : फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत एन. सेतुनाथन व टी. योशिदा यांनी डायझिनॉन वापरलेल्या भातखाचरातून फ्लेव्होबॅक्टेरियम प्रजातीचा जीवाणू वेगळा केला. तो डायझिनॉन व पॅराथिऑन या दोहोंचे विघटन करतो, हे त्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. सेतुनाथन यांनी पुढे कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेत हे काम चालू ठेवले. ब्रेव्हंडिमोनास डिमिन्यूटा या जीवाणूतही हेच विकर आढळले. त्याचे ओपीडी हे जनुक दोन्ही जीवाणूंत प्लाझ्मिडवर असते. प्लाझ्मिडे वेगळी असूनही जनुक जवळजवळ एकच असल्याने त्याचा प्रसार जीवाणूंमधील जनुक-देवाणघेवाणीतून झाला, असे मानतात.

रचना व कार्य : हे विकर दोन समान प्रथिन-साखळ्यांचे असून प्रत्येक साखळीची घडी पिंपासारखी असते. पिंपाच्या तोंडाशी जस्ताचे दोन आयन असतात. त्यांना जोडणारा हायड्रॉक्साइड आयन फॉस्फरस अणूवर हल्ला करतो व विरुद्ध बाजूचा बंध तुटतो. पॅराऑक्सॉनचे विच्छेदन एका सेकंदात हजारो रेणू इतक्या वेगाने होते. त्यातून सुटणाऱ्या पॅरा-नायट्रोफिनॉलच्या पिवळ्या रंगावरून क्रियेचा वेग मोजता येतो. व्हीएक्स या विषातील फॉस्फरस-गंधक बंध मात्र हे विकर फार संथपणे तोडते.

उगम : या वर्गातील कीटकनाशके विसाव्या शतकातच वापरात आली. तरीही विकराची कार्यक्षमता असाधारण आहे. लॅक्टोन संयुगे तोडणाऱ्या एखाद्या पूर्वज-विकरातून ते अल्पकाळात उत्क्रांत झाले असावे, असा तर्क आहे.

उपयोग व मर्यादा : ॲग्रोबॅक्टेरियम रेडिओबॅक्टर जीवाणूतील ओपीडीए हे जवळचे विकर ऑस्ट्रेलियात कीटकनाशकयुक्त सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी विकसित करण्यात आले. सारिनच्या दोन आरशी-प्रतिमा रूपांपैकी अधिक विषारी रूपावर मूळ विकर मंद चालते. क्रियास्थानाजवळील ॲमिनो अम्ले बदलून ही पसंती उलटवता आली आहे. विघटन मात्र पहिल्याच टप्प्यावर थांबते. पॅराथिऑनपासून उरलेले पॅरा-नायट्रोफिनॉल स्वतः प्रदूषक असल्याने ते पचवणाऱ्या इतर जीवाणूंची जोड दिल्याशिवाय शुद्धीकरण पूर्ण होत नाही.