वनमृत्यूनंतरची कवकमुळे व रोपांची वाढ

कीड, रोग किंवा अवर्षणाने जंगलातील मोठी झाडे थोड्या काळात मेली, की त्यांच्या मुळांशी नांदणारी बुरशीही बदलते. पुढे त्याच जमिनीत रुजणाऱ्या रोपांची वाढ बऱ्याच अंशी या बदलावर अवलंबून राहते. पश्चिम कॅनडातील लॉजपोल पाइनची जंगले हे याचे महत्त्वाचे उदाहरण.

पाइन, ओक, साल अशा वृक्षांच्या कोवळ्या मुळांवर बुरशीच्या तंतूंचे आवरण चढते. हे तंतू मुळे पोहोचू शकत नाहीत अशा बारीक फटींतून पाणी, नत्र व स्फुरद आणतात आणि झाड त्यांना साखर पुरवते. या जोडणीला कवकमूळ किंवा मायकोरायझा म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ ए. बी. फ्रांक यांनी १८८५ मध्ये तिला हे नाव दिले. पाइनला या सोबतीशिवाय वाढता येत नाही. प्वेर्तो रिकोत पाइनची लागवड सतत फसत होती. १९५०च्या दशकात तिथे पाइनच्या रानातली बुरशीयुक्त माती घालून पाहिली, तेव्हा कुठे रोपे तगली.

बुरशीचे पोट झाडावर किती अवलंबून असते हे स्वीडनमधील प्रयोगाने स्पष्ट झाले. पेटर हॉगबर्ग आणि सहकाऱ्यांनी पाइनच्या खोडांची साल वलयाकार काढून पानांतली साखर मुळांकडे जाण्यापासून रोखली. एक-दोन महिन्यांतच जमिनीचे श्वसन, म्हणजे मुळे व मातीतील जीव सोडतात तो कार्बन डायऑक्साइड, सुमारे ५४ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

माउंटन पाइन बीटल हा जेमतेम ५ मिलिमीटरचा भुंगेरा साखर अडवण्याचे हेच काम जंगलभर करतो. तो सालीखाली बोगदे पाडतो, आणि त्याच्याबरोबर आलेली निळा डाग पाडणारी बुरशी खोडातील पाण्याचा मार्ग तुंबवते. (ही बुरशी झाडाची वैरी, मुळांवरची वेगळी.) कडाक्याची थंडी या किडीला आवर घालत असे. हिवाळे सौम्य झाले, तशी १९९०च्या दशकापासून ब्रिटिश कोलंबियात तिची साथ उसळली आणि १.८ कोटी हेक्टरहून अधिक वनक्षेत्राला तिची झळ पोहोचली. पुढे रॉकी पर्वत ओलांडून ती आल्बर्टात शिरली.

आल्बर्टा विद्यापीठातील जस्टीन कार्स्ट, नादिर एर्बिलगिन आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या रानांखालची माती तपासली. झाडे मरत गेली तसे कवकमुळे करणाऱ्या बुरशींचे प्रकार कमी होत गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पाइनच्या काही रोपांना निरोगी रानातील बुरशी मिळाली, तर काहींना कीडग्रस्त रानातील. दुसऱ्या गटातील रोपे कमी जगली आणि त्यांचे वजनही कमी भरले. त्यांच्यातील मोनोटर्पीन या संरक्षक रसायनांवरही परिणाम दिसला. सर्वांत चिंतेची बाब हीच आहे: आधीच्या पिढीला मारणाऱ्या किडीचा परिणाम मातीमार्फत पुढच्या पिढीच्या बचावशक्तीपर्यंत पोहोचतो. ही रोपे मोठी झाल्यावर भुंगेऱ्याला कितपत तोंड देतील, हे मात्र या प्रयोगावरून ठरत नाही.

सगळा दोष बुरशीवर टाकणेही बरोबर नाही. लॉजपोल पाइनची बरीचशी शंकूफळे राळेने बंद असतात आणि वणव्याच्या उष्णतेने उघडतात. भुंगेऱ्याने मारलेल्या रानात ती उष्णता मिळत नाही आणि पालापाचोळ्याचा थरही जळून जात नाही, त्यामुळे बी रुजायलाच अडचण येते. सगळी बुरशी नाहीशी होते असेही नाही. काहींचे बीजाणू जमिनीत टिकून राहतात. मोठी झाडे बुरशीच्या जाळ्यातून रोपांना पोसतात, ही लोकप्रिय समजूतही जपूनच स्वीकारावी. कार्स्ट, मेलनी जोन्स व जेसन होक्सेमा यांनी २०२३ मध्ये दाखवले, की प्रत्यक्ष जंगलातील पुरावा या दाव्यांना पुरेसा आधार देत नाही. रोपाला जमिनीत योग्य बुरशी भेटणे ही मात्र त्याहून साधी आणि भक्कम गोष्ट आहे.

हे निष्कर्ष सह्याद्रीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. सागवानासह इथल्या बहुतेक वृक्षांची बुरशी वेगळ्या गटातली असते. ती मुळांच्या पेशींच्या आत शिरते. मध्य भारतातील सालवनांची कवकमुळे मात्र पाइनसारखी आहेत, आणि सालाच्या खोडकिड्याने तिथेही मोठ्या प्रमाणावर झाडे मारली आहेत. अशा रानात मेलेली झाडे काढताना उरलेली जिवंत झाडे आणि त्यांच्या मुळाखालची माती राखणे नव्या रोपांसाठी उपयोगी ठरू शकते.