वनस्पतिउद्यानांतील बागकामशिक्षण

वनस्पतींचा जिवंत संग्रह करून त्यांची शास्त्रीय नोंद, अभ्यास व प्रदर्शन ज्या उद्यानात केले जाते, त्यास वनस्पतिउद्यान म्हणतात. अशा उद्यानांत अध्यापनाचे कार्य प्रारंभापासून चालत आले आहे. तथापि शिकणाऱ्याने स्वतः माती हाताळून वनस्पती वाढविण्याचे शिक्षण त्यांत पुढे क्रमाक्रमाने आले. वनस्पती कोणी नुसत्या पहावयाच्या आणि कोणी वाढवावयाच्या, या भेदाचा इतिहास त्यात दिसून येतो.

सोळाव्या शतकात इटलीतील उद्याने ही वैद्यकशिक्षणाची साधने होती. पॅड्युआ विद्यापीठातील प्राध्यापक फ्रांचेस्को बोनाफेदे यांच्या मागणीवरून व्हेनिसच्या सीनेटने १५४५ मध्ये तेथील उद्यान स्थापिले. केवळ ग्रंथांतील वर्णनांवरून औषधी वनस्पती ओळखताना चुका होत, भेसळीसही वाव मिळे आणि त्याचे परिणाम रुग्णास भोगावे लागत. म्हणून विद्यार्थ्यांना खरी वनस्पती दाखविणे, हा या उद्यानाचा मुख्य हेतू होता. रात्री वनस्पतींच्या चोऱ्या होऊ लागल्याने त्याभोवती लवकरच वर्तुळाकार भिंत बांधावी लागली.

लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संघाने १६७३ मध्ये चेल्सी येथे उद्यान सुरू केले. उमेदवारांना वनस्पतींची ओळख करून देण्यासाठी निदर्शक नेमला जाई. पेरणी, खुरपणी, कलमे बांधणे इ. कामे मात्र माळी करीत. माळ्याचे ज्ञान गुरूकडून शिष्याकडे कामातूनच जाई. फिलिप मिलर यांनी १७२२ पासून सु. अर्धशतक हे उद्यान सांभाळले. त्यांच्या १७३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उद्यानविद्येच्या कोशामुळे या ज्ञानास ग्रंथरूप लाभले. त्यांच्या हाताखाली शिकलेले विल्यम एटन १७५९ मध्ये क्यू येथील राजोद्यानाच्या सेवेत गेले.

क्यू उद्यान १८४० मध्ये शासनाकडे आले. तेथे १८५९ पासून तरुण माळ्यांच्या शिक्षणाची सोय झाली. दिवसा उद्यानात काम आणि सायंकाळी व्याख्याने असा क्रम असे. १८७१ मध्ये माळ्यांनी स्वतःचे अभ्यासमंडळ स्थापिले. त्यात ते निबंध वाचून चर्चा करीत. १८९६ मध्ये येथे प्रथमच स्त्रियांना माळी म्हणून घेण्यात आले. त्यांना पुरुषांसारखाच कामाचा पोशाख घालावा लागे व तो वृत्तपत्रांत चेष्टेचा विषय झाला. कामाची मुभा मिळाली, तरी त्यामागील संकोच गेला नव्हता, हे यावरून दिसते.

वरील सर्व शिक्षण व्यवसायासाठी होते. शहरातील सामान्य मुलांस ते खुले करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. राखेचे ढीग टाकण्याच्या जागी तेथील उद्यान १९१० मध्ये स्थापन झाले आणि १९१४ मध्ये एलेन एडी शॉ यांनी त्यात मुलांची बाग सुरू केली. मुले आपापले वाफे तयार करीत, बी पेरीत, तण काढीत व पिकलेली भाजी घरी नेत. बी रुजले नाही वा कीड पडली, तर त्याचे कारण शोधणे हाही अभ्यासाचाच भाग होता. हा उपक्रम आजही चालू आहे.

भारतातील कलकत्त्याजवळील शिबपूरचे उद्यान (१७८७) प्रामुख्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारी गरजांसाठी निघाले. येथील बहुतेक श्रम देशी माळ्यांचे होते, परंतु त्यांची नावे क्वचितच नोंदली गेली. क्यू येथे काम केलेले जर्मन उद्यानतज्ञ गुस्टाव्ह क्रुंबिगेल १८९३ मध्ये बडोदा संस्थानात आले व १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात गेले. बंगलोरच्या लालबागेच्या विकासात त्यांचा मोठा वाटा आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाची स्थापना १८७३ मध्ये झाली. पुढे ते राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे आले.

आधुनिक काळात अनेक वनस्पतिउद्याने कलमे करणे, कुंडीतील लागवड, कंपोस्ट खत, बीजसंग्रह इ. विषयांचे वर्ग सर्वांसाठी चालवितात. छाट कलमाला मुळे फुटेपर्यंत ओलावा किती ठेवावा, हे वर्णनापेक्षा प्रत्यक्ष हाताळणीने लवकर उमगते. दुर्मिळ जातींच्या संरक्षणासाठीही केवळ नामफलक पुरेसे नसून त्या जाती रुजवू शकणारी माणसे लागतात. त्या दृष्टीने माळ्याचे कौशल्य हे वनस्पतिविज्ञानाचे आवश्यक अंग ठरते.