निसर्गाने दिलेली सोय आणि आपण बांधलेली साखळी

एप्रिल लागला की पुण्याच्या स्वारगेट, मुकुंदनगर, गुलटेकडी भागात एक मत फार ठामपणे मांडले जाते. पाळीव कुत्र्या-मांजरांना उन्हाळ्यात जपणे हे शहरी लोकांचे चोचले आहेत. जनावराला उन्हाची सोय निसर्गानेच करून दिली आहे. हे म्हणणारी माणसे निर्दय नसतात. अनेकांचे बालपण गावी गुराढोरांत गेलेले असते, म्हणून त्यांचा पूर्वपक्ष नीट ऐकला पाहिजे. देशी कुत्रा हजारो वर्षे याच मुलखात राहिला. मराठवाड्याचा कारवानी जातीचा कुत्रा तिथल्या उन्हाळ्यात टिकला. त्यांना कोणी पंखा लावला नव्हता. त्यात पुण्याची हवा तर मूळची थंड.

सोय आहे, हे मला मान्य आहे. ती कोणती, एवढेच मी विचारतो.

घामाची सोय तर नक्कीच नाही. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, आणि त्याने अंग निवत नाही. कुत्रा निवतो तो धापेने: जीभ आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याची वाफ होते व तिच्याबरोबर उष्णता बाहेर पडते. हवा दमट झाली की हा मार्गही मंदावतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचा श्वासमार्ग जन्मतःच अरुंद. त्याच्या बाबतीत निसर्गाचे नाव घेणेच चुकीचे, कारण ते नाक माणसाने निवडून निवडून घडवले आहे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या पुढे गेले की उष्माघात आणि जिवाला धोका. दोन अंशांची ही वाट किती लांब आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

मग देशी कुत्रा टिकला कशाने? पायांनी. ऊन चढले की तो उठून झाडाखाली जातो, ओली माती उकरून तिच्यात पोट टेकतो, पाणवठा गाठतो, दुपारभर हलत नाही. निसर्गाची खरी सोय ही आहे: जागा बदलण्याची मोकळीक. आणि नेमकी तीच आपण काढून घेतली. गच्चीवर तीन हात साखळीने बांधलेला कुत्रा कोणत्या झाडाखाली जाणार? फरशी उकरणार कशी? स्वारगेटच्या चौकात तर माती उरलीच नाही. डांबर आणि काँक्रीट आहे, आणि भटकी कुत्री सावलीसाठी उभ्या गाड्यांखाली शिरतात. गावच्या मोकळ्या कुत्र्याचा दाखला बांधलेल्या कुत्र्याला लावणे हा तर्क नव्हे.

पुण्याच्या थंड हवेचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. एप्रिल-मेमध्ये पारा इथेही चाळिशीला भिडतो. आणि डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. हाताची मागची बाजू त्यावर पाच-सात सेकंद टेकवून पाहा, तुम्हाला सोसत नसेल तर कुत्र्याच्या तळव्यालाही सोसणार नाही.

दुसरे एक मत प्रेमापोटी येते, म्हणून अधिक घातक आहे: उन्हाळ्यात कुत्रा पुरता भादरावा. जर्मन शेफर्ड, लॅब्रडॉर, पॉमेरेनियन यांचे केस दुहेरी असतात. वरचा थर कातडीला उन्हापासून आडोसा देतो. अडचण होते ती आतल्या गळालेल्या मऊ केसांची. ते फणीने काढावेत, गुंता कापावा. सगळेच उतरवले तर कातडी भाजते, आणि काही कुत्र्यांचे केस पुन्हा पूर्वीसारखे येतही नाहीत. नुसत्या पंख्यावर विसंबणारेही कुत्र्याचे अंग माणसासारखे समजण्याची हीच चूक करतात. आपल्याला वारा गार लागतो तो घामामुळे. कुत्र्याला तो सुख देतो अंग ओले असेल तेव्हा. म्हणून धाप थांबेना, लाळ गळू लागली, चाल अडखळली, तर आधी साध्या पाण्याने अंग भिजवा, वारा द्या, आणि मग पशुवैद्याकडे धावा. मांजराने तोंड उघडून धापा टाकणे हीच मुळात धोक्याची खूण आहे.

‘हे सगळे हल्लीचे खूळ’ असे अजूनही कोणी म्हणेल. १९६५ साली केंद्र सरकारने ओढकाम व ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम केले. तापमान ३७ अंशांवर असेल तिथे दुपारी १२ ते ३ या वेळेत त्यांना कामाला जुंपण्यास त्या नियमांनी मनाई केली. बैलाला ऊन लागते, हे राज्यव्यवस्थेने साठ वर्षांपूर्वी मान्य केले. बैलाला लागते ते कुत्र्याला लागत नाही, असे कोणत्या आधारावर म्हणायचे? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम ११ तर मालकाबद्दलच बोलते: पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा गुन्हा, आणि अवाजवी आखूड साखळीने फार काळ बांधून ठेवणे हाही गुन्हा.

दोन्ही बाजू आता तुमच्यापुढे आहेत. निकाल देण्यापूर्वी एकच करा. आज दुपारी दोन वाजता गच्चीवर जा आणि पाहा, साखळी सावलीपर्यंत आणि पाण्याच्या भांड्यापर्यंत पोचते का. पोचत नसेल तर ती तिथल्या तिथे सोडा.