भोकाची किंमत

बरेच दिवस दगडांवर लिहायचं मनात होतं. घरात विषय काढला की "डोक्यातल्या का?" असा प्रश्न येतो, म्हणून इथे लिहितोय.

माझं आजोळ पैठणजवळ. सुट्टीत गोदावरीच्या काठाने गारगोट्या जमवायच्या आणि रात्री अंधारात एकमेकींवर घासून ठिणग्या पाडायच्या, हा आम्हा पोरांचा उद्योग. काही गारगोट्या मधासारख्या पिवळसर असायच्या, काहींवर कांदा कापल्यावर दिसतात तशा रेघा. आजी म्हणायची, "फेका रे ते, खिसे फाटतात." (फाटायचेच.) पुढे नोकरीबिकरी लागल्यावर कधीतरी कळलं की रेघावाल्याला अकीक म्हणतात आणि त्याच जातीच्या तांबड्या दगडाला कार्नेलियन. आपला काळा पत्थर म्हणजे गार झालेला लाव्हा. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पोकळ्यांमधून सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि थरावर थर बसत हे दगड तयार झाले. पत्थर झिजून त्याची माती होते, अकीक तसाच राहतो. म्हणून तो नदीत सापडतो.

खरी गंमत पुढे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात आमच्या पैठणचं नाव आहे! तिथून गाड्या भरभरून अकीक भडोच बंदरावर येतो आणि वाट वीस दिवसांची, असं त्यात नोंदवलंय. म्हणजे आजी जे फेकायला सांगत होती, ते कधीकाळी जहाजात चढून तांबड्या समुद्राकडे जात होतं.

तरी या दगडांना आपण 'उपरत्न' म्हणतो. नवरत्नांत अकीकाला जागा नाही. 'उप' लागलं की माणूस काय नि दगड काय, मागच्या रांगेत. मलाही ते पटलेलं होतं, कारण जी वस्तू नदीत पोत्याने मिळते तिला कशाची आलीय किंमत? मग हडप्पाकालीन कार्नेलियनच्या लांब मण्यांबद्दल वाचलं आणि हिशेब फिरला.

हे मणी मध्ये किंचित फुगीर, टोकांना निमुळते, आणि काही तर 12-13 सेंटिमीटर लांब. त्यांच्या आरपार लांबीत एक बारीक भोक आहे. दगडाची कठीणता मोहच्या मापावर 7च्या आसपास, म्हणजे चाकूचं पातं त्यावर साधा चरासुद्धा पाडत नाही. तेव्हा लोखंड नव्हतं. जोनाथन मार्क केनॉयर आणि मास्सिमो विदाले या दोघांनी या भोकांचा छडा लावला. अर्नेस्ट मॅके यांनी 1935-36 मध्ये सिंधमधल्या चन्हुदडोला मणी करणाऱ्यांची कार्यशाळा खणून काढली होती. तिथली छिद्र पाडायची टोकं एका खास कठीण दगडाची आहेत. त्या दगडाला या दोघांनी मॅकेंच्या नावावरून 'अर्नेस्टाइट' म्हटलं आणि प्रयोग करून पाहिला. वेग निघाला तासाला साधारण अडीच मिलिमीटर.

आमच्या धंद्यातल्या माणसाला आकडा दिसला की हात शिवशिवतात. 12 सेंटिमीटरच्या मण्याला 48 तास. आठ तासांची पाळी धरली तर सहा दिवस, फक्त भोकाला! शिवाय दोन्ही टोकांकडून सुरुवात करून मधोमध गाठ पडली पाहिजे. शेवटच्या तासाला मणी तडकला तर सगळं शून्य. बॅकअप नाही, अंडू नाही. कराचीजवळच्या अल्लाहदिनो इथे 1976 मध्ये अशा 36 मण्यांचा अख्खा कंबरपट्टा सापडला. तो करायला कामाचे 480हून जास्त दिवस लागले असावेत, असा केनॉयर यांचा अंदाज आहे. म्हणजे दगड उपरत्न असेलही, पण महाग होतं ते भोक. मेसोपोटेमियात उर इथल्या राजघराण्याच्या थडग्यांमध्ये लेनर्ड वुली यांना सोन्याच्या शेजारी हे लांब मणी मिळाले. तिथल्या लोकांना सोनं काही नवीन नव्हतं. कार्नेलियन 'मेलुहा' देशाहून येतं हे त्यांच्या लेखांत आहे, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात.

अशीच एक मेखला मोहेंजोदडोलाही सापडली होती. फाळणीत टेबल-खुर्च्या वाटल्या तशी संग्रहालयंही वाटली गेली, आणि त्या मेखलेचे मणी मोजून अर्धे इकडे, अर्धे तिकडे केले. दगडाच्या हिशेबाने वाटणी अगदी चोख. पण कुणीतरी वर्ष-दीड वर्ष कमान ओढून जी एक वस्तू केली होती ती उरलीच नाही. या वाटणीबद्दल मला अजूनही राग येतो. असो.

2019 च्या डिसेंबरात खंभातला गेलो होतो, कारण अकीकाचं काम तिथे आजही चालतं. दगड येतो भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या बाजूने. तिथल्या टेकडीवर बाबा घोर यांचा दर्गा आहे. मूळचे आफ्रिकेतले सिद्दी त्यांना फार मानतात, आणि अकीकाच्या धंद्याशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. खाणीतून निघतो तेव्हा दगड मातकट पिवळा असतो. त्याला ऊन देतात, मग मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात. आतल्या लोहाचं रूप बदलतं आणि दगड लाल होतो. जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळीच्या टोकावर दगड टेकवून वरून शिंगाच्या हातोडीने टिचक्या मारतात, की कपचे उडून मणी आकाराला येतो. भोक पाडायला आता सामत्याच्या टोकाला हिऱ्याच्या दोन बारीक कण्या असतात. एक म्हातारबाबा कमान ओढत होते आणि भोकावर थेंब थेंब पाणी पडत होतं. माझ्यासमोर मिनिटांत त्यांनी मणी आरपार केला.

मी भारावून विचारलं, घासायचं काम कुठे चालतं? दुकानदार जरा थांबून म्हणाला, "वो मत देखो साहब."

चाकावर अकीक घासला की सिलिकाची धूळ उडते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि त्याला औषध नाही. क्षयाचा धोका वाढतो तो वेगळाच. चाकं बऱ्याचदा घरातच असतात, त्यामुळे धूळ बायकापोरांच्याही छातीत जाते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने खंभातच्या कारागिरांची तपासणी करून हे कधीच मांडलंय, धूळ ओढून घेणारं यंत्रही सुचवलंय. पण ज्याला नगावर पैसे मिळतात त्याने यंत्र कुठून आणायचं नि वीज कोणाची जाळायची?

हे सगळं मी परतीच्या गाडीत फोनवर वाचलं. त्याआधी त्याच दुकानातून बायकोसाठी माळ घेतली होती. तो तीनशे म्हणाला, मी दोनशेवर आणली आणि मोठा तीर मारल्यासारखा बाहेर पडलो.

माळेत 52 मणी आहेत. परवा दोरा तुटला तेव्हा एक मणी खिडकीशी धरून भोकातून पाहिलं. दोन्हीकडून आलेली भोकं मधे तंतोतंत जुळलेली नाहीत, केसभर पायरी राहिलीये. बोटाला ती कळत नाही, दोरा ओवताना मात्र सुई तिथे किंचित अडते.