द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई

पालघरच्या किनाऱ्यावरच्या आमच्या दांडी गावात 'प्रेमपत्र' म्हटलं तर म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसतील. मोठ्या आईकडे मात्र तसल्या पत्रांचं एक पुडकं होतं. त्याला सुक्या बोंबलांचा वास यायचा. पत्रं १९७१ सालची. तिचे यजमान, आमचे मोठे बाबा, नेव्हीत, आणि लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं.

पालघरला गाडीत बसलं की मुंबई काही तासांची. पण जहाज धक्क्याला आहे की समुद्रात, हे घरच्यांनाही कळता कामा नये. म्हणून जहाज कुठेही असो, पत्ता ठरलेला: नाव, जहाज, द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई.

मोठी आई शाळेची पायरी चढली नव्हती. पत्र लिहून घ्यायला ती मास्तरांकडे जायची. मजकूर व्हायचा, खरी पंचाईत पत्त्याची. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? उखाण्यात घेता येतं, पण पत्त्यात उखाणा कुठे बसवणार? मग ती जुनं पाकीट कमरेला खोचून न्यायची आणि नावावर बोट ठेवायची. मास्तर बघून उतरवून घ्यायचे.

परक्याच्या हातानं लिहायचं, उत्तरही परक्याच्याच तोंडून ऐकायचं. त्यात मनातलं काय सांगणार? ती बोंबील सांगायची. यंदा बोंबील चांगला लागलाय, वाळत घालायची वलांडी भरलीय, तुमच्या वाट्याचे वेगळे टांगलेत, दव पडायच्या आधी पहिल्यांदा तेच आत घेते. एवढंच. शायरी करणाऱ्यांनी हे एकदा वाचावं, असं मला वाटतं.

त्या वर्षी १५ नोव्हेंबरपासून पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लागू लागलं, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी. घाईघाईत सरकारनं कुटुंबनियोजनाच्या जुन्या तिकिटांवरच नवा शिक्का मारला होता. नव्या नवरीचं पत्र, आणि वर कुटुंबनियोजन! ही गोष्ट सांगताना मोठी आई म्हातारपणीही लाजायची.

३ डिसेंबरला युद्ध पेटलं. तारापूरचं अणुवीज केंद्र जवळच, सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. किनाऱ्यावर कंदीलसुद्धा झाकून ठेवत. ९ तारखेच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीनं आपली 'खुखरी' युद्धनौका बुडवली. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आमच्या किनाऱ्यावरून दीव वायव्येला, मधे नुसतं पाणी.

मोठे बाबा दुसऱ्या जहाजावर होते, पण हे तिला कोण सांगणार? जहाजाचं नाव तिच्या ध्यानात राहत नसे. ती मास्तरांच्या ओटीवर गेली, वर्तमानपत्र मागून घेतलं आणि ओळ न् ओळ बोट फिरवत बसली. पाकिटावर बघून बघून ओळखीचा झालेला तो आकार कुठे सापडतो का, ते शोधत. सापडला नाही. तेव्हा पहिल्यांदा तिच्या घशाखाली पाणी उतरलं.

"त्या बुडालेल्या जहाजावरच्यांच्या बायकांनी त्याच दिवशी टाकलेल्या पत्रांचं काय झालं असेल रे?" हे तिनं मला निदान चारदा विचारलं.

युद्ध संपल्यावर मोठ्या बाबांचं कार्ड आलं: खुशाल आहे, बोंबील ठेवा.

पुढे ते रजेवर आले, निवृत्त झाले, तिच्या आधी गेले. मोठ्या आईला शेवटपर्यंत दोनच शब्द वाचता येत होते. एक त्यांचं नाव, दुसरा मुंबई.